गावात कोणता दाखवावा: ‘सुपर ३०’ की ‘ट्वेल्थ फेल’?

यवतमाळकडच्या एखाद्या गावात बारावीच्या पोरांना एकच सिनेमा दाखवायचा असेल, तर माझं मत ‘ट्वेल्थ फेल’ला (२०२३). ‘सुपर ३०’ (२०१९) वाईट नाही. पुढं गरीब पोरांना आयआयटीसाठी फुकट शिकवणारा पाटण्याचा आनंद कुमार पैशाअभावी केंब्रिज हुकल्यावर पापड विकतो तेव्हा आतडं तुटतं, शिकवणीच्या धंद्यावरचे फटकेही नेमके बसतात. पण तिथं पोरांना तारणारा गुरू भेटतो. तो आमच्याकडं कुठून आणायचा? (आणि आनंद कुमार झालेल्या हृतिकला फासलेला तो सावळा रंग!)

‘ट्वेल्थ फेल’मध्ये शाळाच कॉपी पुरवते. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या खिडक्यांना लटकलेली माणसं ज्यानं पाहिलीत, त्याला ही टीका समजावून सांगावी लागत नाही. चंबळचा मनोज दिल्लीत पिठाच्या गिरणीत राबून यूपीएससीचा अभ्यास करतो. अमरावतीच्या अभ्यासिकेत दिवस काढून दिवाळीनंतर कापूस वेचायला घरी येणारी पोरं त्याला लगेच ओळखतील. स्वतः नापास झालेला गौरी भैया चहा विकत इतरांना वाट दाखवतो, हे मला सगळ्यात आवडलं. हरलेल्याला एवढी जागा आपले सिनेमे सहसा देत नाहीत.

वेचणीच्या हंगामात शाळा बुडणाऱ्या पोरींबद्दल मात्र दोन्ही गप्पच.