आधी आर्थर वाचावा की रूझवेल्ट?

अमेरिकेच्या सुधारणावादी राष्ट्राध्यक्षांपैकी एकाचंच चरित्र वाचायचं तर बहुतेक जण डोळे मिटून थिओडोर रूझवेल्टचं नाव घेतील. चेस्टर आर्थर कोणाला आठवतसुद्धा नाही. मी दोघांच्याही नादाला लागलो होतो, म्हणून हे सांगणं.

रूझवेल्टकडे ऐवज भरपूर. १९०२चा कोळसा खाणकामगारांचा संप, रेल्वेच्या दरांना वेसण घालणारा १९०६चा हेपबर्न कायदा, त्याच वर्षीचा अन्न व औषध कायदा. पण हा गडी स्वतःच्या गोष्टीतून बाजूला म्हणून होत नाही. रेल्वे कंपन्या नेमक्या कशा नमल्या ते शोधायला जावं, तर मध्येच डाकोटातली गुरं, क्यूबातली लढाई, आफ्रिकेतली शिकार. १९१२ साली मिलवॉकीत छातीत गोळी घेऊन त्याने भाषण ठोकलं, ते वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो. चौथ्यांदा मी पान उलटलं. माझं बिनसलं ते इथेच. तुम्हाला कदाचित हेच आवडेल.

आर्थरची तऱ्हा उलटी. १८८६मध्ये मरणाआधी त्याने बहुतेक कागदपत्रं जाळायला लावली. न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसमध्ये पक्षाच्या माणसांची वर्णी लावणारा हा अधिकारी. १८७८मध्ये राष्ट्राध्यक्ष हेजने त्याला घरी बसवलं. नोकरीसाठी खेटे घालणाऱ्या एकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डवर गोळी झाडली, म्हणून १८८१मध्ये उपाध्यक्ष आर्थर गादीवर आला. आणि १८८३मध्ये वशिल्याच्या मुळावर उठलेल्या पेंडल्टन कायद्यावर सही त्याचीच! काही सरकारी पदांसाठी परीक्षा सुरू झाली, पक्षासाठी कर्मचाऱ्यांकडून सक्तीची वर्गणी उकळणं बंद झालं. चिनी मजुरांना देशबंदी करणाऱ्या १८८२च्या कायद्यावरही त्याचीच सही आहे, हे विसरून चालणार नाही.

जाळपोळीतून ज्युलिया सँड नावाच्या आजारी बाईची पत्रं मात्र वाचली. ओळखदेख नसताना ती त्याला सुधारणेसाठी खडसावत होती. १८८२मध्ये राष्ट्राध्यक्ष स्वतः तिच्या घरी जाऊन भेटला. या भेटीपाशी मी आर्थरकडे झुकलो.

रूझवेल्टच घ्यायचा असेल तर १८८९ ते १८९५चा भाग आधी वाचा. तेव्हा तो सनदी सेवा आयोगावर होता आणि आर्थरच्या सहीचा कायदा राबवण्यासाठी स्वपक्षीयांशीच भांडत होता. शिवाय कस्टम हाउसमध्ये हेजने आर्थरच्या जागी आधी ज्याचं नाव पुढे केलं होतं तो रूझवेल्टचा बाप. सिनेटने ती नेमणूक फेटाळली.