क्योतो की कानाझावा?

टोकियोतले दिवस संपल्यावर हातात दोनच दिवस आहेत आणि जुनं जपान बघायचंय, तर क्योतोला जाऊ की कानाझावाला, असं मावसबहिणीने विचारलं. दोन्ही शहरं मनापासून आवडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रवासात फारसा फरक नाही. टोकियोहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दोन्हीकडे साधारण अडीच तासांत पोचता येतं. पुढे ओसाकाला जायचं असेल तर क्योतो सोयीचं. कानाझावाहून जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते.

बघण्यासारखं क्योतोत अफाट. ७९४ पासून हजारएक वर्षांची राजधानी; जागतिक वारसा यादीत या परिसरातली १७ ठिकाणं आहेत. पण गर्दीही तशीच. फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींखालून निवांत चालायचं तर पहाटेच जा. तिथे तिकीट नाही आणि दारं कधी बंद होत नाहीत.

कानाझावा आटोपशीर आहे. इथल्या जुन्या सरदारांची, माएदा घराण्याची, केनरोकुएन बाग, आणि तिच्यापासून चालत काही मिनिटांवर २००४ मध्ये उघडलेलं गोल, काचेचं आधुनिक कलासंग्रहालय. जुनं-नवं इतकं शेजारी क्योतोतही सहज सापडत नाही. हिवाळ्यात बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून बागेतल्या पाइन वृक्षांना शेंड्यापासून दोऱ्या बांधतात. ती कारागिरी जवळून बघाच.

शाकाहाऱ्यांना मात्र क्योतोच बरं; मठांतल्या परंपरेचं शोजिन जेवण, टोफूचे पदार्थ मिळतात. कानाझावाचा जीव मासळीत.

पहिल्यांदाच जपानला जात असाल, देवळांची ओढ असेल, तर क्योतो. गर्दीचा त्रास होत असेल, सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा हस्तकला आवडत असेल, तर कानाझावा.