प्राथमिक शाळेत स्ट्रीट आर्ट: थेट भिंत, स्टेन्सिल की खडू?

खान्देशातल्या शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांना स्ट्रीट आर्ट, म्हणजे रस्त्यावरच्या भिंती-ओट्यांवरची चित्रकला, शिकवायचं ठरलं, की सगळ्यांना आधी आठवते ती कुंपणाची भिंत. भिंत जरूर रंगवा, पण तिथून सुरुवात करू नका.

थेट भिंतीचा हिशोब असा. १० बाय ६ फूट म्हणजे ६० चौरस फूट. त्याला प्राइमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक हात आणि बाहेरच्या भिंतीसाठीच्या पांढऱ्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात लागतात. इमल्शन सव्वा लिटर धरा. जुना चुना खरवडून काढला नाही, तर रंग भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतो आणि पावसाळ्यात पोपडे निघतात. खाली लोणा (ओलीमुळे येणारा पांढरा क्षार) लागला असेल तर तेवढी पट्टी सोडून द्या. पांढऱ्यात स्टेनर (रंगछटा देणारं दाट द्रावण) ओतून गडद रंग करायला जाऊ नका. लिटरला ३० मिलीच्या वर गेलं की तो नीट वाळत नाही, कपड्यांना लागतो. गडद रंग तयारच आणा. इतकं करूनही मुलांच्या वाट्याला बहुधा मोठ्यांनी आखलेल्या रेषांत रंग भरणंच येतं. आमच्या मते ही मोठी उणीव आहे.

स्टेन्सिलमध्ये, म्हणजे आकार कापलेल्या साच्यातून रंग उमटवताना, मात्र विचार मुलालाच करावा लागतो. ब्लेक ल रा या कलाकाराने १९८१ पासून पॅरिसच्या भिंतींवर उंदीर उमटवले ते स्टेन्सिलनेच. साचा घरी कापायचा, भिंतीवर काम काही मिनिटांचं. मुलांना ही गोष्ट लगेच पटते. केळीचा घड, पोळ्याचा बैल, भरताचं वांगं असा एकच ठळक आकार निवडायला लावा. जुनी एक्स-रे फिल्म किंवा फाइलचं जाड प्लास्टिक घ्या. चित्र मुलांनी काढायचं, कटर शिक्षकांच्याच हाती. ‘पाणी वाचवा’ कापताना ‘प’ आणि ‘व’च्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि अक्षराच्या जागी नुसतं भोक राहतं. म्हणून तिथे ५ ते ८ मिलिमीटरची पट्टी जोडून ठेवा. ती कुठे ठेवायची हे मुलांना शोधू द्या, खरं शिकणं तिथेच होतं.

रंग ब्रशने नको, स्पंजने. स्पंज आधी रद्दीवर टेकवून जवळपास कोरडा करा आणि भिंतीवर सरळ ठोका. घासला की रंग साच्याखाली शिरून कडा फुटतात. रंगात पाणी जास्त झालं तरी हेच होतं. स्प्रेचे डबे या वयात अजिबात नकोत, त्यांची वाफ श्वासात जाते.

पहिली-दुसरीला खडू पुरेसा आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कीथ हेरिंग हा अमेरिकी चित्रकार जाहिरातींच्या रिकाम्या जागांवरच्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूनेच चित्रं काढत असे. खरखरीत सिमेंटचा ओटा चांगला, गुळगुळीत फरशीवर खडू धरत नाही. खडू पाण्यात बुडवून ओढला की रेघ जाड येते. चित्र पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे चुकायची भीती नाही.

भिंतीचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्या. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग स्पंजमध्येच आटतो. शाळेची भिंत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी. परवानगीविना भिंत रंगवणं १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. परवानगीचा कागद मुलांनाही वाचून दाखवा.