कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मूडलचे बॅज: घ्यावेत का, कसे द्यावेत

कॉलेजात मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) आधीपासून चालू असेल, तर ग्रंथालयाला डिजिटल बॅजसाठी, म्हणजे कौशल्य मिळवल्याच्या ऑनलाइन तपासता येणाऱ्या चित्ररूप दाखल्यासाठी, वेगळी वर्गणी भरायची गरज नाही. ही सोय २०१३ पासून मूडलमध्येच आहे आणि चांगली आहे. नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांनी सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फक्त, कार्यशाळेला बसला की बॅज, असं करू नका. हजेरीला कागदी प्रमाणपत्र पुरे. बॅजच्या पानावर समोरच्याला निकष वाचता येतात. तिथे 'उपस्थित होता' एवढंच असेल, तर नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीला त्यातून काय कळणार? उदाहरणार्थ, 'शोधगंगेवर संदर्भशोध' असा बॅज ठेवा (शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार). विद्यार्थ्याने संत्रा बागायतीवरचे तीन प्रबंध शोधायचे, कोणते शोधशब्द टाकले आणि कोणते का बदलले ते लिहायचं, झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून संदर्भसूची काढून असाइनमेंटला जोडायची. ग्रंथपालांनी तपासून गुण द्यायचे. विद्यार्थ्याचं हे काम बॅजसोबत जात नाही, म्हणून निकषाच्या मजकुरात ते नेमकं लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालतं, भाषा निवडायची जागा तिथे आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पूर्णतेच्या अटीत, म्हणजे असाइनमेंट पूर्ण झाली असं मूडलने कधी धरायचं त्या सेटिंगमध्ये. 'गुण मिळाले पाहिजेत' एवढीच अट ठेवली, तर शून्य मिळालेल्यालाही बॅज जातो. उत्तीर्ण गुणांची अट निवडा आणि असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये उत्तीर्णतेचा आकडा भरा. अट पूर्ण होऊनही बॅज आला नाही, तर आधी सर्व्हरवरचं क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप कामं उरकणारी यंत्रणा) चालू आहे का ते बघा. चित्र चौरस, ३०० बाय ३०० पिक्सेलचं ठेवा.

बॅजच्या पीएनजी फाइलमध्येच माहिती भरलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती गळून जाते, उरतं नुसतं चित्र. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर सरळ लिंक द्यावी.

ईमेलची बाब जास्त गंभीर आहे. बॅजच्या आत विद्यार्थ्याचं नाव नसतं. ओळख असते ती ईमेल आणि सॉल्ट (साइटने जोडलेली ठरावीक अक्षरं) मिळून बनवलेल्या हॅशची, म्हणजे उलटी वाचता न येणाऱ्या सांकेतिक अक्षरमालेची. कॉलेजचा मेल पदवीनंतर बंद झाला, की बॅज आपलाच आहे हे त्याला दाखवता येत नाही. म्हणून बॅज देण्याआधी प्रोफाइलमध्ये कायमचा वैयक्तिक मेल घालून घ्या. साइटच्या बॅज सेटिंगमधला सॉल्ट एकदा बॅज वाटल्यावर बदलायचा नाही. पडताळणी कॉलेजच्या सर्व्हरवरच्या पत्त्यावरून होते, त्यामुळे मूडल फक्त कॅम्पसच्या आत दिसत असेल किंवा पुढे डोमेन बदललं, तर जुने सगळे बॅज पडताळणीला नापास. मूडल चालवून देणारा विक्रेता बदलताना जुना पत्ता जिवंत ठेवण्याची अट करारातच घाला.

बॅजवर 'क्रेडिट' (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) हा शब्द मात्र छापू नका. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तासांचं अध्ययन लागतं. तीन तासांची कार्यशाळा त्याच्या जवळपासही येत नाही. शिवाय ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणाऱ्या राष्ट्रीय डिजिटल व्यवस्थेत) नोंद संस्थेमार्फतच होते, मूडलचा बॅज तिथे आपोआप पोचत नाही. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा, ते आशेने बसलेले असतात.

एकदा कुणाला बॅज मिळाला की त्याचे निकष कुलूपबंद होतात, म्हणून चाचणी मूळ बॅजवर नको. त्याची प्रत काढा, खोट्या विद्यार्थ्याच्या खात्याने एकदा नापास आणि एकदा पास होऊन बघा, मग कॉलेजचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लिंक उघडते का ते तपासा. उघडली की प्रत पुसून टाका आणि मूळ बॅज चालू करा.