‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ : नावावरून पारखू नये असे पुस्तक

लेखिका आणि तत्त्वचिंतक आयन रँड यांचा हा निबंधसंग्रह १९६४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो न वाचताच त्याच्याविषयी मत बनवून बसलेले वाचक मला अनेकदा भेटतात, आणि त्यात सगळा दोष त्यांचाच आहे असे म्हणवत नाही. ‘सेल्फिशनेस’ला मराठीत ‘स्वार्थ’ म्हटले, की आपल्याच पोळीवर तूप ओढणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. रँड यांना अभिप्रेत असलेला अर्थ ‘विवेकाने जपलेले स्वहित’ या शब्दांत अधिक नीट उतरतो. परंतु खटकणारा शब्द त्यांनी जाणूनबुजून निवडला आणि प्रस्तावनेतच त्याचे समर्थन केले.

संग्रहातील १९ निबंधांपैकी ५ त्यांचे तेव्हाचे सहकारी नॅथानिएल ब्रँडन यांचे आहेत. रँड यांनी १९६१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील परिसंवादात वाचलेला पहिला निबंध जड आहे, पण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच दूर होतो. कारण दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये, या म्हणण्याच्या जोडीलाच स्वतःसाठी दुसऱ्याचा बळी घेऊ नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले आहे. लबाडीने पैसा मिळवणारा या विचारात बसत नाही आणि मनाला येईल तसे वागणाराही बसत नाही, कारण लहर म्हणजे हित नव्हे.

नवख्या वाचकाने मात्र आणीबाणीच्या प्रसंगांवरील छोटा निबंध आधी वाचावा. गंभीर आजारी पत्नीच्या उपचारांवर सारी संपत्ती खर्च करणारा पती त्याग करत नसतो, कारण तिचे जगणे त्याच्या स्वतःच्या सुखाशी बांधलेले असते; उलट तिला मरू देऊन त्याच पैशात दहा परक्या स्त्रियांना वाचवणे हा त्याग ठरेल, असे रँड तिथे मांडतात. स्वतःच्या जिवाला फारसा धोका नसेल, तर बुडणाऱ्या अनोळखी माणसाला वाचवणेही त्या योग्यच मानतात. त्यांचा विरोध मदतीला नाही, ती कर्तव्य म्हणून लादण्याला आहे.

माझी तक्रार निराळी आहे. परोपकाराची जी बाजू रँड खोडून काढतात, ती इतकी टोकाची रंगवली आहे, की शेजारी अडचणीत असताना डबा घेऊन जाणारी साधी बाई तिच्यात कुठे सापडत नाही. एकाच नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या दोघांच्या हितांत खरा संघर्ष नसतो, हे त्यांचे विवेचनही, तीनदा वाचूनसुद्धा, मला पटलेले नाही.