जमैकातली जन्मनोंद: आधी पानं चाळावीत की थेट दाखला मागवावा?

माझ्या सुनेचं आजोळ जमैकाचं. तिच्या पणजीच्या जन्माची नोंद शोधायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधण्याच्या संकेतस्थळावर नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं फुकट चाळता येतात; स्पॅनिश टाउनच्या ट्विकनम पार्कमधल्या रजिस्ट्रार जनरल कार्यालयातून पैसे भरून दाखला मागवता येतो. माझं मत आधीच सांगते: आधी पान, मग दाखला.

कारण दाखल्यासाठी नाव, साल आणि पॅरिश (म्हणजे तिथला जिल्हा) नीट सांगावं लागतं, आणि घरात चालत आलेलं नाव वहीत असेलच असं नाही. घरात हाक मारायचं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं, हे तिथेही आपल्यासारखंच सर्रास. बाळाचं नाव ठरायच्या आत जन्म नोंदवला असेल तर नावाचा रकाना कोरा राहतो, आणि बाप्तिस्म्याचं नाव नंतर पार शेवटच्या रकान्यात चढवलेलं असतं. आईवडिलांचं लग्न झालेलं नसेल तर वडिलांचा रकानाही बहुधा रिकामाच. आम्ही आठवडाभर पणजीला तिच्या वडिलांच्या आडनावाने शोधत होतो. ती सापडली आईच्या नावाखाली. ओळख पटली ती खबर देणाऱ्याच्या रकान्यावरून: ‘आई’, पुढे गावाचं नाव, आणि सहीच्या जागी फुली. ती फुली पाहून सून बराच वेळ काही बोललीच नाही.

या वाटेला वेळ मात्र भरपूर लागतो. अक्षर किरटं असतं, शाई फुटलेली असते, आणि शोधयादी तयार करणाऱ्यानं आडनाव भलतंच वाचलेलं असू शकतं. यादीत नाव नाही म्हणजे नोंदच नाही, असं धरून चालू नका. बेटावर १४ पॅरिश आहेत. तुमची कोणती, एवढं ठाऊक असेल तर त्या पॅरिशची वही पानापानाने पाहता येते. तेही ठाऊक नसेल, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठा.

नागरिकत्व, पासपोर्ट, जमिनीचा वारसा असं काही असेल तर प्रश्नच नाही, शिक्क्याचा दाखलाच लागतो. पण तोही पानावरचा नोंदक्रमांक, तारीख आणि पॅरिश हाताशी घेऊन मागवा.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८७८ मध्ये सुरू झाली. त्याआधीचं हवं असेल तर चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिश नोंदी (बाप्तिस्मे, लग्नं, दफनं) आहेत, काही थेट सतराव्या शतकातल्या. त्यांच्याही प्रती फॅमिलीसर्चवर दिसतात. पण त्यांच्याकडे वळण्याआधी मृत्यूची वही उघडा. लोक ती उगाच मागे ठेवतात. तिच्यात आईवडिलांची नावं नसतात, पण वय आणि धंदा असतो. १८८० मध्ये सत्तराव्या वर्षी वारलेली बाई १८१० च्या आसपास जन्मलेली, म्हणजे गुलामगिरीच्या काळातली. वय अंदाजे लिहिलेलं असतं, त्यामुळे चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरा. तिचा पुढचा माग लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गुलामांच्या नोंदवह्यांत, १८१७ ते १८३२ या सालांत. त्या मालकाच्या नावाने लावलेल्या आहेत, म्हणून ती कोणत्या मळ्यावर, कोणाच्या मालकीची होती ते आधी शोधावं लागेल. आम्ही सध्या तिथे अडलो आहोत.