रेंजफाइंडर घ्यावा की मिररलेस?

डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा, घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: गेल्या वर्षभरातले तुमचे सगळ्यात आवडते फोटो कोणत्या लेन्सने आणि किती लांबून काढलेत? २८ ते ५० मिमीचे, दीड ते पाच मीटरांवरून काढलेले असतील, तर पुढे बोलू. पक्षी, मैदानावरचे खेळ, फुलावरची मधमाशी असं काही असेल, तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा कॅमेरा घ्या आणि उरलेल्या पैशांत एक उत्तम लेन्स घ्या.

रेंजफाइंडरमध्ये निवडीला फारसा वावच नाही. २००४ साली आलेला एप्सनचा आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, ६ मेगापिक्सेलचा. आज मुख्यतः जर्मन कंपनी लायकाची एम मालिका आणि फ्रान्समधल्या पिक्सीचे मोजके कॅमेरे. फुजीचा एक्स-प्रो दिसतो तसाच, पण रेंजफाइंडरची फोकस यंत्रणा त्यात नाही. तो ऑटोफोकसचाच कॅमेरा. म्हणून इथे मिररलेससमोर ठेवलाय तो २०२२ चा ६० मेगापिक्सेलचा लायका एम११.

खरा फरक डोळा लावताच कळतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरला दिसतं तेच दिसतं: एक्स्पोजर, धूसर पार्श्वभूमी, सगळं आधीच. रेंजफाइंडरमध्ये साधी काच असते आणि तिच्यात तरंगणारी पांढरी चौकट. जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट दिसतं. ३५ किंवा ५० मिमीला चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे डावीकडून सायकलवाला येतोय हे तो फ्रेममध्ये शिरण्याआधीच कळतं. गर्दीत फोटो काढणाऱ्याला ही सोय दुसरा कुठलाही कॅमेरा इतक्या सहज देत नाही.

पण काच ती काचच. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये जग झकास दिसतं; एका लग्नात मी अशा सात-आठ काळ्या फ्रेम काढल्यात. चौकटही अंदाजाचीच. एम११ मध्ये तिचा आकार २ मीटर अंतराला जुळवलेला आहे, त्यामुळे लांबच्या दृश्यात फोटोत दिसलं त्यापेक्षा जास्त येतं. चष्मा असेल तर २८ मिमीची पूर्ण चौकट एका नजरेत मावत नाही. जाड लेन्स लावली की तिची कड चौकटीचा कोपरा खाते.

फोकसचं गणित वेगळंच. मधल्या चौकोनी पॅचमध्ये एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. अंधाऱ्या खोलीत खिडकीची कड किंवा चष्म्याची काडी अशी एखादी ठळक उभी रेघ मिळाली की काम चोख होतं. रेघच नसेल, समोर नुसती कोरी भिंत असेल, तर पॅच हतबल. पाच वर्षांचं मूल तुमच्याकडे धावत येतंय आणि लेन्स एफ/१.४ वर (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं आणि फोकसमधली जागा कमी) उघडलेली आहे, अशा वेळी मिररलेसचा डोळा ओळखून पकडणारा आय-ऑटोफोकस दहापैकी नऊ फोटो नीट देईल. रेंजफाइंडरवर माझे दोन आले तरी मी खूश असतो. ५० मिमी, एफ/१.४, अंतर १ मीटर: फोकसमधली जागा जेमतेम तीन सेंटीमीटर. त्यात ६० मेगापिक्सेल, म्हणजे चूक झाकायला जागाच नाही.

उलट, ३५ मिमी एफ/८ वर नेऊन ३ मीटरला ठेवा: साधारण २ ते ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, मोठ्या प्रिंटला हिशेब थोडा कडक धरायचा. मग फोकस करायचाच नाही, फक्त बटण दाबायचं. ऑटोफोकसला विचार करायला लागणारा क्षणही इथे वाचतो.

व्हिडिओ एम११ मध्ये नाही. बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशनही नाही. ९० मिमीच्या पुढे नेमक्या फोकसला पॅच पुरत नाही. चौकट मात्र १३५ मिमीपर्यंत मिळते. रेंजफाइंडरने फोकस ०.७ मीटरपर्यंतच, त्याहून जवळ जायचं तर मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू. म्हणजे शेवटी मिररलेससारखाच वापर, तोही गैरसोयीचा. लायकाने २०२५ मध्ये रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवलेला एम आणला, यातच काय ते समजा.

लेन्सच्या बाबतीत मात्र पारडं इकडे झुकतं. एम माउंट, म्हणजे लायका एमची लेन्स बसवायची जोडणी, १९५४ ची; तेव्हापासूनच्या बहुतेक लेन्स आजच्या बॉडीवर बसतात, आणि मुठीत मावतात. याच माउंटच्या, लायकापेक्षा स्वस्त फोक्टलेंडर ब्रँडच्या लेन्स घेतल्या तर खिशालाही जरा दम मिळतो. याच लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर का वापरू नयेत? वापरा, ५० मिमी छान चालते. वाइड लेन्सला मात्र अनेकदा कोपरे विस्कटतात, कारण बहुतेक मिररलेसच्या सेन्सरवरची काच जाड असते आणि या लेन्समधून प्रकाश तिच्यावर तिरपा पडतो.

जुना लायका घेणार असाल तर एम९ च्या मालकाला सेन्सर बदललाय का हे विचारा. त्याच्या मूळ सेन्सरची काच गंजत असे. एम८ इन्फ्रारेडला नको इतका संवेदनशील, काळे सिंथेटिक कपडे जांभळट येतात. लेन्सवर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लागतोच. आणि कुठलाही मॉडेल असो, पैसे देण्याआधी लांबच्या टॉवरवर रोखून रिंग अनंतावर न्या. दोन्ही प्रतिमा आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांनी तंतोतंत बसल्या पाहिजेत. नाही बसल्या, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून मगच बोलणी करा.